बिनकडीची चौकट

त्याला सगळे चौकटराव म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव निराळं होतं, चांगलं होतं, पण ते पगाराच्या कागदावर आणि आईच्या तोंडात तेवढं उरलेलं. पेपरात मेलेल्या माणसांची खबर येते ना, काळ्या रेघांच्या चौकटीत, अमक्या तमक्यांचं दुःखद निधन, मागे बायको, मुलं, सुना, नातवंडं, ती चौकट करायची हे त्याचं काम. जन्मभर तेच केलं त्यानं. कुणी विचारलं, काय करता हो तुम्ही, की म्हणायचा, "लोकांना पोचवतो." समोरचा माणूस गप्प व्हायचा, मग हा हसायचा.

मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा छापखान्यात लागला. तेव्हा शिशाचे खिळे होते. एकेक खिळा चिमटीत उचलायचा, ओळ जुळवायची आणि ती उलटी वाचायची. घरी आला की हात धुवून धुवून आईचा साबण संपवायचा, तरी नखं काळी ती काळीच. मग कॉम्प्युटर आले आणि खिळ्यांबरोबर निम्मी माणसंही गेली. हा राहिला, कारण हा शिकला. पोरसवदा मास्तरापुढे बसून शिकला. बायको म्हणायची, "अहो, डोळ्यांची वाट लागेल." तर म्हणायचा, "लागू दे. उलटं वाचून वाचून तशीही वाकडीच झालीत."

शिकता शिकता त्यानं आपली एक फाइल लिहिली. स्क्रिप्ट म्हणतात तिला. मशीननं काय काय करायचं ते वरपासून खालपर्यंत लिहून ठेवायचं, मशीन तसं करत जातं. वरच्या अंगाला त्यानं कामाचे तुकडे ठेवले होते. जन्मतारखेवरून वय काढणारा एक, मागे राहिलेल्यांची नावं नात्याप्रमाणे लावणारा एक, काळी चौकट आखणारा एक. आणि अगदी तळाला ठेवली होती चाचणी. दुपारी कामाला बसला की तो ती फाइल स्वतःच्या हातानं चालवायचा, आणि ती एक खोटीच चौकट करून उद्याच्या पानाच्या फोल्डरमध्ये टाकायची. हा बघायचा, रेघ नीट आली का, अक्षर कुठं तुटलं का, नावं ओळीत मावली का. सगळं ठीक असलं की ती खोटी चौकट पुसायची आणि खऱ्या कामाला लागायचं.

आता त्या खोट्या चौकटीत नाव कुणाचं घालायचं? जिवंत माणसाचं घालायला त्याचा हात धजेना. मेलेल्याचं घालावं तर त्या बिचाऱ्याला रोज नव्यानं मारायचं. शेवटी त्यानं स्वतःचंच घातलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, खरी जन्मतारीख, आणि खाली, मागे वृद्ध आई, पत्नी, मोठी बहीण असा परिवार आहे. वय तर फाइल स्वतःच मोजायची, वाढदिवस झाला की एकानं वाढवायची. म्हणजे रोज दुपारी हा मरायचा आणि चहा यायच्या आत स्वतःला पुसून टाकायचा.

बायकोला कळलं तेव्हा ती तडकली होती. "ही काय थट्टा झाली?"

"अगं, सराव असला की ऐन वेळी धांदल होत नाही."

"तुमच्या जिभेला काही हाड?"

त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याची आई ताईकडे राहायची, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण पेपर रोज लागायचा. कुणीतरी वाचून दाखवायचं, आणि सुरुवात मागच्या पानापासून. "कोण कोण गेलं ते आधी सांग गं. बाकीचं कुठं पळून जातंय?" शेजारपाजारच्या बायकांना ऐकवायची, "इतर ठिकाणी काय वाटेल ते छापतात. पण चौकट माझ्या लेकाची असते. चौकटीत खोटं यायचं नाही." लेकाचा तिला फार अभिमान. लेक मात्र यायचा कधीमधी, आणि आला तरी दारातच. एक पाय आत, एक बाहेर. "आई, बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? निघतो, पान जायचंय." पान जायचंय म्हणजे छपाईला सोडायचंय. म्हातारी म्हणायची, "जा बाबा, लोक खोळंबलेत तुझे." आणि खिडकीतून तो वळणापर्यंत दिसेतो बघत राहायची. अलीकडे तिचं डोकं कधी इथं असायचं, कधी कुठं. दुपारी जेवली की संध्याकाळी म्हणायची, मला सकाळपासून उपाशी ठेवलंय. पण लेकाला ओळखायला चुकत नव्हती. फोनवर नुसता श्वास ऐकला तरी म्हणायची, "बोल रे."

मग ते झालं.

बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून चौकटरावानं सुट्टी घेतली. चौकटी करायला बदलीचा माणूस बसवला होता. तिकडे पेपरच्या ऑफिसात एक नवीन बाई आली होती, पेपर इंटरनेटवर चढवायला. हुशार, कामाची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला तिच्या कामात वय मोजणारा तुकडा हवा होता. तो चौकटरावाच्या फाइलीत आयता होता. मग तिनं तिच्या फाइलीत वरच लिहिलं की ती अमुक फाइल बोलावून घे. इम्पोर्ट करणं म्हणतात ह्याला. त्यात चोरी नाही, लबाडी नाही, सगळे करतात. एकाचं काम दुसऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणूनच ते असतं.

पण बोलावलं म्हणजे मशीन काय करतं, ती फाइल उघडून वरपासून खालपर्यंत वाचतं, आणि वाटेत जे जे उघड्यावर पडलंय ते करून टाकतं. शेजारणीला म्हणावं, जरा तुझी सुरी दे, आणि तिनं सुरी घेऊन थेट आपल्या स्वयंपाकघरात शिरावं, होती नव्हती ती भाजी चिरून मोकळं व्हावं, तसं. वरचे तुकडे गुमान बसले, कारण ते हाक मारल्याशिवाय हलत नाहीत. तळाची चाचणी मात्र उघड्यावर होती. ती चालली. चौकट झाली. उद्याच्या पानाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडली. आणि पुसणारा माणूस इस्पितळात बायकोचा हात धरून बसलेला.

बदलीच्या माणसानं ती पाहिली ना! नीट पाहिली. नाव वाचलं, वय वाचलं, शुद्धलेखन बघितलं. पण चौकटरावाला जन्मात कुणी त्या नावानं हाक मारली असेल तर कळणार. कुणी गृहस्थ गेले असतील बापडे, असं म्हणून त्यानं ती पानात बसवली.

सकाळी दाराची बेल वाजली. चौकटरावानंच दार उघडलं. समोर इमारतीचा रखवालदार, टोपी हातात, मान खाली. "वहिनी, फार वाईट झालं हो," असं म्हणत त्यानं मान वर केली आणि किंचाळून जिन्याच्या तीन पायऱ्या मागे गेला.

"काय रे, काय झालं?"

"साहेब... तुम्ही... पेपरात..."

पेपर त्याच्याच काखेत होता. चौकटरावानं घेतला, मागचं पान उलटलं. आणि माणसाची सवय बघ कशी असते, पहिल्यांदा तो म्हणाला, "रेघ जरा जाड आलीय." एका डोळ्यावर पट्टी बांधलेली बायको आतून विचारतेय, कोण आहे हो, कोण आलंय, आणि हा वाचतोय. वाचत वाचत खालच्या ओळीवर आला. मागे वृद्ध आई. पायात जे सापडलं ते अडकवून तो धावत सुटला.

तिकडे ताई सकाळीच औषधाच्या दुकानात गेली होती. म्हातारीजवळ होती नुकतीच कामाला लागलेली एक बाई, आंघोळ घालायला, भरवायला ठेवलेली. तिला घरातल्यांची नावंगावं काही ठाऊक नाहीत. म्हातारी म्हणाली, कोण कोण गेलं वाच, तर ती वाचत सुटली. एकाचं वाचलं, दुसऱ्याचं वाचलं, तिसरं वाचलं.

"परत वाच," म्हातारी म्हणाली.

तिनं परत वाचलं.

"आईचं काय लिहिलंय?"

"मागे वृद्ध आई, असं लिहिलंय. का हो आजी? ओळखीचे होते?"

म्हातारीनं हात पुढे केला, पेपर मांडीवर घेतला. वाचता तर येत नाही. काळ्या रेघेवरून बोट फिरवलं, एका कोपऱ्यापासून निघून परत त्याच कोपऱ्यापर्यंत. "त्याचीच आहे चौकट," म्हणाली. मग पेपराची घडी घातली, उशाखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. ती बाई घाबरली. ताई आली तोवर म्हातारीचं रडून झालं होतं.

चौकटराव पोचला तो धापा टाकत. ताईनं दारातच त्याची गळपट्टी धरली, हसू की रडू तिला कळेना. "मेल्या, जीव गेला असता माझा! जा, जा आधी आत."

तो आत गेला. आयुष्यात पहिल्यांदा न थबकता थेट आत गेला आणि पलंगाशी बसला. "आई."

म्हातारीनं वळून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग पदर सावरला, परका माणूस आल्यावर सावरतात तसा, आणि म्हणाली, "तुम्ही पेपरातून आलात ना?"

"आई, मी आहे. अगं, मी. चुकून छापलं ते."

"बसा. तुम्ही आलात, बरं वाटलं. तो फार सांगायचा ऑफिसातलं."

"आई, इकडे बघ ना."

"आई म्हणू नका हो," म्हातारी म्हणाली. रागानं नाही, विनवणीनं. "तसं तो म्हणायचा. तुम्ही काकू म्हणा."

आईनं त्याला अहो जाहो केलं. जन्म दिला तेव्हापासून जिच्या तोंडून तू, अरे, मेल्या, गाढवा, ह्यावाचून दुसरं काही ऐकलं नव्हतं, ती त्याला "बसा" म्हणाली.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, मन आधीच सैल झालं होतं, त्यात हा घाव बसला. वाद घालू नका, थकतील. जवळ बसत जा, आठवेल तेव्हा आठवेल.

त्याचं वाट बघण्यावर भागेना. ऑफिसात जाऊन त्यानं चूक सुधारून छापायला लावली. दुसऱ्या दिवशी पानाच्या तळाला दोन ओळी आल्या. ताईनं आईला वाचून दाखवल्या, की अमुक गृहस्थ हयात आहेत, नजरचुकीबद्दल दिलगीर आहोत.

"चौकट आहे का त्याला?" म्हातारीनं विचारलं.

"चौकट नाही, पण आई..."

"मग राहू दे."

तेव्हा त्यानं काय केलं, छापखान्यातल्या जुन्या माणसाचे पाय धरले आणि तोच मजकूर काळ्या चौकटीत घातलेलं पान वेगळं काढून घेतलं, फक्त आईसाठी. तीच रेघ, तोच कोपरा. स्वतः घेऊन गेला. कामवाल्या बाईनं वाचलं, अमुक गृहस्थ हयात असून सुखरूप आहेत. म्हातारीनं बोट फिरवलं.

"काय हल्ली कुणालाही बसवतात," म्हातारी म्हणाली. "जिवंत माणूस चौकटीत घातलाय. माझा लेक असता तर हे असलं छापू दिलं असतं?"

ताई तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. हा तिथंच उभा राहिला, कागद हातात घेऊन.

ऑफिसात ती नवीन बाई त्याच्यासमोर यायलाच तयार नव्हती. तोच तिच्या टेबलापाशी गेला. रडून रडून तिचे डोळे सुजलेले.

"काका, मी वरचंच बघितलं. खाली काय आहे ते बघितलं नाही."

"तू कशाला बघशील? सुरी मागितलीस तू. दाराला कडी मी लावायला हवी होती."

ती कडी म्हणजे काय, ते तिनंच त्याला दाखवलं. मशीन प्रत्येक फाइलीला एक नाव देऊन ठेवतं. आपण तिला थेट चालवलं तर तिचं नाव मेन, मुख्य, घरातली कर्ती. आणि दुसऱ्या कुणी बोलावलं तर ती आपल्या फाइलीच्या नावानं जाते, पाहुणी म्हणून. फाइल तीच, अक्षर न् अक्षर तेच, पण कोण हाक मारतंय त्यावर तिचं नाव ठरतं. म्हणून शहाण्या माणसानं तळाच्या चाचणीच्या वर एक ओळ लिहायची असते, की आत्ता माझं नाव मेन असेल तरच पुढचं कर, नाहीतर गप बस. एक ओळ. चौकटरावाला माहीत नव्हती असं नाही, मास्तरानं शिकवली होती. पण त्याची फाइल त्याच्याशिवाय कुणी चालवत नव्हतं. ज्या घरात कुणी येतच नाही, त्या घराला कडी कशाला, असं वाटलं असेल. त्यानं ती ओळ टाइप केली. बाईनं बिचकत विचारलं, "चाचणीतलं नाव बदलायचं का, काका?"

त्यानं पडद्यावरचं आपलं नाव वाचलं. "राहू दे," म्हणाला. "आता कुठं खोटं राहिलंय ते."

त्यानंतर तो रोज जायला लागला. दुपारचं काम त्यानं बदलीच्या माणसाला देऊन टाकलं आणि म्हणाला, पान गेलं काय, राहिलं काय. आईच्या खोलीत पलंग, खिडकी, एक खुर्ची. त्या खुर्चीत बसायचा. ताई चहा आणून द्यायची, पाहुण्याला देतात तसा बशीसकट, कारण तशी म्हातारीची ताकीद होती. "पेपरवाले आलेत, कान असलेल्या कपात दे."

आणि म्हातारी त्याला त्याच्याबद्दल सांगायची. लहानपणी कसा हट्टी होता, ताप आला की कसा तिच्या पोटाशी पाय दुमडून निजायचा. नोकरी लागली तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या हातानं जुळवलेल्या ओळीचा ठसा कागदावर मारून आणला होता त्यानं, आईचं नाव होतं त्यात, आणि तिनं तो उलटा धरला होता तर कसा हसला होता. चौकटरावाला ह्यातलं निम्मं आठवतच नव्हतं. तो नुसता हूं हूं करायचा.

"नंतर मात्र यायचा नाही हो," एकदा ती म्हणाली. "यायचा, पण बसायचा नाही. दारातच. मला वाटायचं, माझ्या खोलीला वास येतो की काय. औषधांचा येतो ना थोडा. म्हणून मी ताईला सांगायची, तो यायच्या आधी खिडक्या उघड. तुम्हाला येतो का हो वास?"

"नाही, काकू."

"खरं सांगा."

"नाही येत."

"मग का बसला नसेल?"

त्यानं चहाचा कप बशीत ठेवला. "त्याला..." म्हणाला, "त्याला वाटलं असेल, तुम्ही आहातच."

म्हातारीनं मान हलवली. "असेल. तसंच असेल. तुम्ही ओळखत होतात ना त्याला चांगलं?"

"नाही, काकू. तेवढं नाही ओळखत होतो."

बायको म्हणायची, "अहो, किती दिवस? तुमची तब्येत बघा." तो म्हणायचा, "एकदा रे म्हणाली की झालं. एकदाच. फोनवर म्हणायची ना, बोल रे, तेवढं. मग मी नाही जात रोज." बायकोचा डोळा बरा झाला होता आणि तिला त्या डोळ्यानं नवऱ्याचा उतरलेला चेहरा आता जरा जास्तच स्पष्ट दिसायचा.

आणि एक दिवस म्हणाली म्हातारी.

दुपार होती. तिनं त्याच दिवशी न्हाऊन केस विंचरून घेतले होते, खिडकीतून ऊन तिच्या हातावर पडलं होतं. हा खुर्चीत बसला होता. ती त्याच्याकडे एकटक बघत राहिली. मग हात लांब करून तिनं त्याची बोटं धरली, उलटीसुलटी करून बघितली, नखांवरून अंगठा फिरवला.

"किती वाळलास रे," ती म्हणाली.

खुर्चीवरून घसरून तो पलंगापाशी गुडघ्यांवर बसला. दारात ताई उभी होती.

"रोज येतोस," म्हातारी म्हणाली, "ऊन म्हणत नाहीस, वारा म्हणत नाहीस. माझ्यापाशी बसतोस. कुणाचा कोण तू!"

त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"आई आहे का रे तुला?"

त्यानं मान हलवली. म्हणाला, "आहे."

"कुठं असते?"

"इथंच. ह्याच गावात."

"अरे वेड्या!" म्हातारीनं त्याच्या हातावर चापट मारली, आणि तिच्या आवाजात खरा राग आला, आईचा असतो तसा. "आई आहे, इथंच आहे, आणि तू इथं परक्या बाईपाशी येऊन बसतोस? माझा बसला नाही, त्याचं मला किती लागलं ते तुला रोज सांगते, तरी अक्कल आली नाही? ऊठ. ऊठ आधी. आत्ताच्या आत्ता जा तिच्याकडे. आणि दारात उभा राहू नकोस, आत जाऊन बस. जा. आता इकडे येऊ नकोस, येशील तर मी बोलणार नाही."

तो उठला. म्हातारी दाराकडे बोट रोखून बघत होती, म्हणून त्याला जावंच लागलं. ताईनं त्याचा दंड धरला, पुटपुटत म्हणाली, "अरे, कुठं चाललास?"

"ती म्हणतेय ना," तो म्हणाला, "आईकडे जा."

तो दाराबाहेर जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसला. पुढे कुठं जायचं ते त्याला कळेना. दार नुसतं लोटलेलं होतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. पलंग करकरला, पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला.

"गेला का गं तो?" म्हातारीनं ताईला विचारलं.

"गेला, आई."

"बरं झालं. वाट बघत असेल बिचारी."